पहिली बादली गारठलेल्यांची

गारुफालियाचे हात बारा महिने लाल. कोपरापर्यंत लाल आणि बोटांची टोकं सुरकुतलेली, नुकतंच धुणं आटपून उठल्यासारखी. आमच्या थेर्माकी बेटावरच्या गरम झऱ्यावर बायकांच्या हौदाची राखण करण्यात जिचा जन्म गेला तिचे हात दुसरे कसले असणार? सकाळी बायका, दुपारनंतर पुरुष, असा झऱ्याचा नियम. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला मूल राहत नाही म्हणून सासूनं पिटाळलेलं. सगळ्यांना ती सारखंच दटावायची. "अगं बाई, हळू उतर, हौद पळून चाललाय का?" नाहीतर, "डोकं बुडवू नकोस म्हटलं ना! घेरी येऊन मेलीस तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू, दुसरी बघ म्हणून?" अथेन्सहून येणाऱ्या ठसक्याच्या बायकासुद्धा तिच्यापुढे मुकाट बसायच्या.

पण हौदात पहिलं माणूस उतरायच्या आधी तिचं एक काम असायचं. झऱ्याच्या तोंडाशी बादली भरायची, ती वाफाळती बादली धक्क्यावर न्यायची आणि समुद्रात ओतायची. ही रीत तिच्या आधीच्या बाईची, त्याच्याही आधीच्या बाईची. पहिलं पाणी गारठलेल्यांचं. आमचं गाव कोळ्यांचं आणि खलाशांचं. ज्यांना समुद्रानं थंडीत ओढून नेलं त्यांना दिवसातून एकदा तरी ऊब मिळावी, एवढाच त्यातला हेतू. पाद्रीबाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "हा कुठला धर्म, गारुफालिया?" असं ते दर वर्षी विचारायचे. "बाबा, तुम्ही मेणबत्ती लावता ना, तिनं किती ऊब येते हो?" असं ती दर वर्षी विचारायची. मग दोघं आपापल्या कामाला लागायची.

पाणी ओतताना नावं घ्यायची, तीही फक्त थंडीनं गेलेल्यांची. जो अंथरुणात गेला, म्हातारपणानं गेला, तापानं फणफणून गेला, त्याचं नाव तिथं घेत नाहीत. त्याला ऊब मिळालेली असते. गारुफालिया खणखणीत आवाजात एकेक नाव घ्यायची, आणि शेवटचं नाव झान्निसचं, तिच्या नवऱ्याचं.

झान्निसची होडी ऐन जानेवारीत बंदराच्या तोंडाशी उलटली. बंदराचे दिवे दिसताहेत, आणि हा रात्रभर उलट्या होडीला धरून लटकलेला. सकाळी आणला तेव्हा बोटं होडीच्या कडेवरून सोडवावी लागली होती. सगळे म्हणाले, बुडाला. बंदराच्या डॉक्टरानं मान हलवली आणि म्हणाला, "बुडाला नाही. इपोथेर्मिया." थेर्मी म्हणजे ऊब, आणि इपो म्हणजे खाली. ऊब उतरत उतरत गेली आणि संपली, हा त्याचा अर्थ, आणि तो आमच्याकडं शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतो. गारुफालियानं डॉक्टरला एकच विचारलं, "मग मी आत्ता गरम पाण्यात घातलं तर?" डॉक्टरनं आपली पेटी मिटली. अख्ख्या बेटाचं गरम पाणी हिच्या ताब्यात, आणि हाकेच्या अंतरावर नवरा गारठून गेला. देवाला काही लाजलज्जा आहे की नाही, असं तेव्हा गावात सगळ्यांच्याच मनात आलं.

मागं राहिला एकुलता एक मुलगा, आर्गिरिस. तेव्हापासून या बाईनं एकच ध्यास घेतला, की पोराला थंडी लागता कामा नये. ईस्टरच्या उन्हात बाकीची पोरं उघडी पळायची आणि हा लोकरी बनियन घालून घामाघूम. गावात म्हणायचे, "आधी लोकर येते, मागून आर्गिरिस येतो." तिला कुणी हसलं तर ती म्हणायची, "हसा. तुमची पोरं शिंकतात, माझं शिंकत नाही."

असलं जपलेलं पोर शेवटी गेलं कुठं? टोरोंटोला! जिथं नाक पुसायला रुमाल काढावा तर नाकाचं पाणी गोठलेलं असतं म्हणे. पण बेटावर काम नव्हतं, सगळेच जात होते, हाही निघाला. बोटीवर चढताना गारुफालियानं त्याच्या हातात एक लाल थर्मास दिला, झऱ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. "बेट दिसेनासं झालं की यानं तोंड धू. गार व्हायच्या आत धू, नाहीतर उपयोग नाही."

"आई, तिथं घराच्या भिंतीतून ऊब येते, अगदी आपल्या हौदासारखी."

"भिंतीचा काय भरवसा? बनियन काढू नकोस," ती म्हणाली.

आर्गिरिसचा फोन दर रविवारी पांतेलिसच्या कॉफीघरात यायचा. हा पांतेलिस जहाजावर आचारी होता. जगभरच्या बंदरांत राहून इंग्रजी शिकून आला आणि त्यानं धक्क्यावर कॉफीघर टाकलं. माणूस मनानं लोणी, पण तोंडानं तोफ. त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. कुणी परका इंग्रजीत दोन शब्द बोलला, की हा टेबल पुसायचं सोडून उभा. "कुठून आला हा शब्द? आमच्याकडून! ते लोक झाडावर राहून कुडकुडत होते तेव्हा आमचे बापजादे गरम पाण्यात बसून शब्द घडवत होते, बरं का!" गिऱ्हाईक बिचारं कॉफी संपवून पळायचं.

आर्गिरिसला हे भाषण लहानपणापासून पाठ. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात त्यानं फोनवर हसत सांगितलं, "आई, पांतेलिसकाकाला सांग, तो खरं बोलतो. तू दिलेल्या थर्मासला इथले लोकही थर्मासच म्हणतात."

"मग काय म्हणणार? थर्मास आहे तर थर्मासच म्हणतील."

"अगं, पण हे आपलं आहे ना! यांच्याकडं उबेला स्वतःचा शब्दच नाही धड."

त्यानंतर ती रीतच पडली. कधी तो म्हणायचा, थर्मामीटर. ते तर गारुफालियाच्या हौदात दोरीला बांधून सोडलेलंच होतं. कधी म्हणायचा, थर्मल, म्हणजे आतून घालायचे लोकरी कपडे. त्यावर ती खूश झाली. "बघ, तुझ्या आईचं बनियन तिथंही चालतं!" आणि एकदा म्हणाला, थर्मोस्टॅट. "भिंतीवर एक गोल चकती असते आई. बोटानं फिरवली की घरात उन्हाळा. माझ्या घरी प्रत्येक खोलीत आहे." हा शब्द तिला सगळ्यांत आवडला. हौदावर बायकांना ती बोट फिरवून दाखवायची. "माझा आर्गिरिस एवढं करतो, एवढंच, की उन्हाळा!"

मध्यंतरी त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली. आमच्या रिवाजाप्रमाणं तिला आजीचं नाव ठेवलं, पण तिकडच्या जिभेला गारुफालिया काही पेलेना, म्हणून नुसतं लिया. तो म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात घेऊन येतो. पुढचा उन्हाळा यायचा, त्यानं तिथं टाकलेल्या हॉटेलात काम फार असायचं. पुढं पुढं त्याचं बोलणं कमी होत गेलं. पण शब्द मात्र एखादा असायचाच. आई विचारायची, "कसा आहेस?" तो म्हणायचा, "आई, आज एक नवा सापडला बघ." तिला वाटायचं, लेक खुशीत आहे. आता कळतं, ज्याच्याकडं खरं सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं, तो माणूस शब्द सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी फोन आलाच नाही. चार दिवसांनी आला तो टोरोंटोतल्या आमच्याच एका गाववाल्याचा. पांतेलिसनं घेतला. हॉटेल कधीच बुडालं होतं. बायको मुलीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली होती. आर्गिरिस त्या हिवाळ्यात आपल्या जुन्या व्हॅनमध्ये झोपत होता, आणि ही गोष्ट त्यानं कुणालाच कळू दिली नव्हती. व्हॅन तो एका बेकरीच्या मागच्या भिंतीला लावायचा, कारण भट्टीची धग त्या भिंतीतून बाहेर यायची. शनिवारी संध्याकाळी बेकरी बंद झाली, ती सोमवारपर्यंत. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सोमवारी बेकरीवाल्यानं दार ठोठावलं तेव्हा आतून ओ आली नाही. तिथल्या ग्रीक चर्चनं त्याला तिथंच पुरलं, बर्फ उकरून.

पांतेलिस फोन ठेवून खांबासारखा उभा. तेवढ्यात गारुफालिया दारात. रविवार हुकला म्हणून ती येऊन येऊन विचारत होती. त्याचं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती खाली बसली नाही, ओरडली नाही. दाराची चौकट धरून तिनं विचारलं, "थंडीत होता का?"

तुम्हीच सांगा, माणसानं काय म्हणावं? पांतेलिस म्हणाला, "नाही, नाही. आपल्या घरात होता. अंथरुणात. हृदय थांबलं, झोपेतच."

"चकती चालू होती?"

"चालू होती, मावशी. खोली गरमागरम होती म्हणे."

मग ती खाली बसली आणि रडली. आईनं रडावं तशी रडली. पण रडता रडता म्हणत होती, "उबेत गेला. माझं लेकरू उबेत गेलं."

चाळिसाव्या दिवशी तिनं गहू उकडून, साखर घालून, वर बदामांचा क्रूस काढून चर्चमध्ये नेले. प्रत्येक बाईच्या ओंजळीत मूठभर देताना सांगितलं, "उबेत गेला माझा." तोवर खरं काय ते निम्म्या गावाला कळलेलं होतं, कारण पांतेलिसच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण एकाही जिभेनं तिच्यापुढे दगा दिला नाही. आमच्या गावाला लोक चुगलखोर म्हणतात. म्हणोत बापडे. त्या वेळी गाव एका तोंडानं खोटं बोललं आणि मला त्याचा अभिमान आहे.

रोज पहाटे ती पहिली बादली ओतायची. नावं घ्यायची. झान्निसपाशी थांबायची आणि रिकामी बादली घेऊन परत फिरायची. आर्गिरिसचं नाव त्यात नव्हतं. हौदावरच्या बायकांना म्हणायची, "बापाला ऊब धाडावी लागते. पोराला नाही लागत. पोराची मला काळजी नाही." या एका गोष्टीवर ती बाई उभी होती. बाकी तिच्यात काही राहिलं नव्हतं. दटावणं गेलं, चेष्टा गेली. बायका मुद्दाम डोकं बुडवायच्या, निदान शिवी तरी देईल म्हणून. ती नुसतं बघायची.

आणि सप्टेंबरात लिया आली.

येणार असल्याचा निरोप आला तसे पाद्रीबाबा पांतेलिसला म्हणाले, "तू बोटीवरच गाठ तिला. सांग, आजीला असं असं सांगितलंय, तूही तेच धरून चाल."

"काय बोलता बाबा! बाप मेलेल्या पोरीला पायरीवरच सांगू, खोटं बोल म्हणून? आणि गरजच काय? पोरीला आपली भाषा येत नाही. आजीला तिची येत नाही. मधे कोण? मी! माझ्या तोंडातून गेल्याशिवाय इकडचा शब्द तिकडं जायचा नाही."

"बघ बुवा, शहाण्या."

"बघायचंय काय त्यात?"

लिया बोटीतून उतरली तेव्हा धक्क्यावर सगळे वळून बघायला लागले. उंची आईची असेल, पण कपाळ, भुवया, खांदा जरा तिरका ठेवून चालायची लकब, सगळा आर्गिरिस. गारुफालियानं तिच्या तोंडावरून ते लाल हात फिरवले आणि म्हणाली, "किती गार गाल आहेत गं!" पोरीला एक शब्द यायचा तो तिनं म्हटला. "याया." म्हणजे आजी. तेवढ्यावर दोघी रडल्या. त्याला पांतेलिस लागला नाही.

संध्याकाळी कॉफीघरात मात्र तो मधोमध बसला. पोरगी मान खाली घालून बराच वेळ बोलली. ती दुसऱ्या गावी शिकत होती. बापानं तिलाही थाप मारली होती की नवी खोली घेतली आहे. तिनं एकदा जाऊन बघितलं असतं तर. हे सगळं ती बोलली, ओठ चावून चावून. पांतेलिसचा घाम निथळत होता.

"काय म्हणते?" गारुफालियानं विचारलं.

"म्हणते, बाबा तुमची फार आठवण काढायचे."

"एवढं रडून एवढंच?"

"त्यांची भाषा लांबलचक असते, मावशी. आपल्या एका वाक्याला त्यांना दहा लागतात."

गारुफालियानं त्याच्याकडं जरा रोखून पाहिलं. पण मग पोरीनं पिशवीतून लाल थर्मास काढून टेबलावर ठेवला, आणि तिचं लक्ष त्यात गेलं. पोचे पडलेला, रंग उडालेला, झाकणाची कडी तुटलेली. तिनं तो उचलून छातीशी धरला. पोरगी बोट दाखवून म्हणाली, "थर्मास."

"थर्मास!" गारुफालिया म्हणाली. "ऐकलंस पांतेल्या? म्हणाली! बापानं शिकवलंय तिला!" आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. पांतेलिसलाही भरून आलं. तिथंच त्या मूर्खाला कळायला हवं होतं. जन्मभर टेबल आपटून जे भाषण ठोकलं, ते नेमकं त्या दिवशी विसरला. आम्ही सगळेच विसरलो. ज्यांना आपल्या शब्दांची एवढी मिजास, तेच विसरले की शब्द जसा जातो तसा परतही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारुफालिया नातीला हौदावर घेऊन गेली. बायकांची वेळ. पांतेलिस बाहेर धक्क्यावर, आत जायची सोय नाही. पण त्याला चिंता नव्हती. दोघी आत काय बोलणार? मुकी बहिरीला काय सांगणार? त्यानं आपली कॉफी टाकली.

आत दोघीच होत्या. हंगाम संपत आला होता. वाफेत गारुफालियानं पोरीला धरून पायरी पायरीनं उतरवलं, आणि कितीतरी दिवसांनी ती तोंडानं म्हणाली, "हळू गं, हौद पळून चाललाय का?" पोरीला काही कळलं नाही, पण ती हसली. दोरीला बांधलेलं ते जुनं यंत्र पाण्यावर तरंगत होतं. पोरीनं उचललं. "थर्मामीटर?"

"हो, हो! थर्मामीटर!"

मग खेळच सुरू झाला. पोरगी अंगात बनियन चढवल्यासारखं करून म्हणाली, थर्मल. आजीनं टाळी दिली. अगं, हे तर माझंच बनियन! दोघींनाही उमगलं की या एवढ्या चार शब्दांत आपलं माणूस बसलेलं आहे. तोच माणूस हे शब्द रविवारी एकीला फोनवर सांगायचा आणि दुसरीला मांडीवर घेऊन. गारुफालियाला वाटलं, आता आपला आवडता शब्द काढावा. तिनं हवेत बोट फिरवलं. "थर्मोस्टॅट! आर्गिरिस... घर... थर्मोस्टॅट." आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले. झोपेत. उबेत. तिला पोरीकडून एवढंच हवं होतं, की तिनंही मान डोलवावी.

पोरगी हसायची थांबली. तिनं मान हलवली, आडवी. "नो थर्मोस्टॅट, याया."

आजी बघत राहिली. पोरीनं दोन्ही हातांनी गाडीचं चाक धरल्यासारखं करून दाखवलं. मग आजीसारखेच हात गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि अंग आवळून थरथरली. तिला वाटत होतं, आजीला सगळं माहीत आहेच. काल आपण सगळं सांगितलंच की त्या काकांना. हिला ते आपल्याबरोबर बसून रडायचं आहे, बस. म्हणून तिनं आजीला समजेलसा एखादा शब्द शोधला, आणि तिला तो सापडला. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलेला.

"बाबा," ती म्हणाली. "हायपोथर्मिया."

तिच्या तोंडात तो मोडका आला, पण थेर्माकीच्या बाईला तो समजायला दुभाषी लागत नाही. गारुफालियानं हा शब्द एकदाच ऐकला होता, बंदरावर, होडीच्या कडेवरून बोटं सोडवताना. तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"इपोथेर्मिया?" तिनं विचारलं.

पोरीनं मान डोलवली.

"आर्गिरिस? इपोथेर्मिया?"

"येस, याया."

पाणी इतकं गरम होतं की बाहेरची माणसं त्यात धड बसू शकत नाहीत. आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी असलेली ती म्हातारी बाई कुडकुडायला लागली. दात वाजायला लागले तिचे. पोरगी घाबरली, रडायला लागली, काहीतरी भराभर बोलायला लागली. माफी मागत असावी. तशी गारुफालिया सावरली. तिनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर तांब्या तांब्यानं गरम पाणी घातलं, केस धुतले, पाठ चोळली, दंड चोळले, तळवे चोळले. चोळतच राहिली. जे झान्निसला करता आलं नाही, जे आर्गिरिसला करता आलं नाही, ते सगळं तिनं त्या पोरीच्या अंगावर केलं. "तू उबेत राहा गं," एवढंच म्हणत होती. "तू तरी उबेत राहा गं, माझे आई."

दोघी बाहेर आल्या तेव्हा पांतेलिस उठून उभा राहिला. "एवढा वेळ? काय काय गप्पा मारल्यात?"

"कसल्या गप्पा? तिचं मला येत नाही, माझं तिला येत नाही," गारुफालिया म्हणाली. "केस धुतले पोरीचे."

दिवसभर ती तशीच होती. मासे तळले, नातीला ताटात वाढून वाढून दिलं. पांतेलिस दुपारी डोकावला तेव्हा त्यालाही वाढलं. तो तृप्त होऊन पाद्रीबाबांना सांगून आला, "बघा, पार पडलं की नाही? तुम्ही उगाच भिता."

दुसऱ्या दिवशी उजाडताना नेहमीप्रमाणं तो कॉफीघराच्या दारात खुर्च्या मांडत होता. गारुफालिया बादली घेऊन आली. मागं लिया, अंगावर आजीची शाल. वारा सुटला होता, बादलीतली वाफ तिरपी उडत होती. तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. ती नावं रोज ऐकून पांतेलिसच्या कानांना सवय झाली होती. आपल्याला आपल्या घरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येत नाहीत, तसं. शेवटी ती म्हणाली, "झान्निस." तो पुढची खुर्ची उचलायला वाकला.

"आर्गिरिस," ती म्हणाली.

पांतेलिसच्या हातातून खुर्ची पडली. त्यानं वळून पाहिलं तर ती बादली कलती करून शेवटचा थेंबही समुद्रात सांडत होती, अगदी सावकाश. तो तसाच तिच्यापर्यंत चालत गेला. "मावशी," तो म्हणाला, "मावशी, मी..."

"रडू नकोस, मेल्या," गारुफालिया म्हणाली. तिचा स्वतःचा चेहरा ओला होता आणि ती तो पुसत नव्हती. "तू खोटं बोललास ते फार चांगलं केलंस. तुझ्यामुळं सात महिने माझं लेकरू उबेत होतं."

मग तिनं रिकाम्या बादलीत पाहिलं. थेर्माकीची रीत एका बादलीची, सगळ्यांत मिळून. पण ती म्हणाली, "सात महिन्यांचं राहिलंय त्याचं," आणि पुन्हा झऱ्याकडं वळली. लिया पुढं धावली, तिनं आजीच्या हातातून बादली घेतली, आणि भरून आणताना निम्मं पाणी स्वतःच्या पायांवर सांडलं.